रनफ्लॅट टायरचं पंक्चर काढलेलं चालतं का? (स्ट्रिप मारून झाली आहे, आता विचारतोय)

घाटपायथा | ९ जून, रात्री १०:१५

जाणकारांनी प्रकाश टाकावा म्हणून धागा काढतोय.

गेल्या रविवारी पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. सोबत आई, बायको आणि मागे झोपलेला मुलगा. गाडी जर्मन सेडान, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'असल्या गाड्या घ्याव्यातच का' इकडे जातो. चारही टायर रनफ्लॅट. डिक्कीत स्टेपनी नाही, तिच्या जागी आंब्याची पेटी.

उंब्रजच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मागचा डावा टायर, हवेचा दाब १.६ बार. एरवी २.३ असतो. गाडी चालवताना काहीही जाणवत नव्हतं. पाऊस धो धो, रुंदीकरणाच्या कामामुळे कडेला थांबायला जागा नाही, आणि मनात एकच, की रनफ्लॅट आहे, हवा गेली तरी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जातो म्हणतात. तसाच ६० ने कराडपर्यंत आलो, २० किलोमीटर तरी झाले असतील. तिथे पोचलो तेव्हा आकडा ०.४ होता.

हायवेलगतच्या पंक्चरवाल्याने जॅक लावला, चाक फिरवून बरोबर मधोमध घुसलेला स्क्रू शोधला, पक्कडीने उपटला, भोकात कानस फिरवली, स्ट्रिप दाबली. दहा मिनिटं, दीडशे रुपये. टायर रिमवरून उतरवला नाही. पुढे कोल्हापूर आणि परत पुणे, ३०० किलोमीटर झाले. हवा जागची हललेली नाही.

काल सर्व्हिसिंगला गाडी नेली तर सल्लागार म्हणाला, "सर, रनफ्लॅट रिपेअर होत नाही. नवीन टाका. आणि एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टाका." दोन टायरांचे पन्नास हजारांच्या वर. टायरची नक्षी अजून ५ मिलिमीटर शिल्लक आहे हो!

हे खरोखर सुरक्षिततेचं आहे की विक्रीचं?

---

खर्च_वाचवा | ९ जून, रात्री १०:४०

विक्रीचं. धागा बंद करा.

हलके घ्या, पण सांगतो. माझ्याही गाडीला रनफ्लॅट आहेत. पुढच्या उजव्याला स्ट्रिप मारून दीड वर्ष झालं, २४ हजार किलोमीटर झाले. महिन्यातून दोनदा मुंबई-पुणे. काही होत नाही. शोरूमवाल्यांना ट्यूबलाइट गेली तरी अख्खं वायरिंग बदलायचं असतं.

---

नुसता वाचक | ९ जून, रात्री ११:०२

बाळबोध प्रश्न. रनफ्लॅट म्हणजे ते खिळा लागला की आपोआप भोक बुजवणारे टायर ना?

---

नगरी टायरवाला | १० जून, सकाळी ७:२०

नाही साहेब, ते वेगळे. त्याला सेल्फ-सीलिंग म्हणतात. त्यात आतून चिकट थर असतो, ५ मिलिमीटरपर्यंतचं भोक तो धरून ठेवतो. रनफ्लॅटमधून हवा जाते ती जातेच. फक्त बाजूची भिंत इतकी जाड असते की हवा नसतानाही गाडी तिच्यावर उभी राहते. बाजूवर काय लिहिलंय ते बघा. ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशेलिनवर झेडपी, काँटिनेंटलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ. शब्द निराळे, वस्तू तीच.

धागाकर्त्यांना सांगतो. माझं नगरला टायरचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. रनफ्लॅट माझ्याकडे आला की मी भोक बघतच नाही आधी. गिऱ्हाइकाला विचारतो, "दिवा लागल्यावर किती चालवली?" गिऱ्हाईक म्हणतं, "हे काय, इथूनच." सगळे इथूनच आलेले असतात! मग मी टायर उतरवतो आणि आतून हात फिरवतो. हाताला काळी भुकटी लागली किंवा टायरच्या खांद्याच्या (नक्षी संपून बाजू सुरू होते तिथल्या) खाली आतल्या अंगाला गोल वळ्या दिसल्या, की संपलं. टायर बाहेरून नव्यासारखा असतो, नक्षी भरलेली असते, आणि मला त्या माणसाला सांगावं लागतं की हा फेका. शिव्या खातो.

तुमच्या कराडवाल्याची चूक नाही. त्याच्याकडे टामी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) आणि हातोडा आहे. रनफ्लॅटची रिममध्ये बसणारी कड इतकी कडक असते की टामीने उतरवायला गेलं तर कड फाटेल नाहीतर रिमला चरा जाईल. त्याला जादा हात असलेलं मशीन लागतं. ते नसेल तर बाहेरून स्ट्रिप एवढंच करता येतं. त्याने तुम्हाला पावसातून घरी पोचवलं, दीडशेत. तेवढं काम झालं.

---

खर्च_वाचवा | १० जून, सकाळी ९:०५

नगरी साहेब, मान आहे. पण 'आतून बघा' म्हणणारा दुकानदार आणि 'नवा टाका' म्हणणारी शोरूम, दोघांचाही नवा टायर विकण्यात फायदाच आहे की.

---

नगरी टायरवाला | १० जून, सकाळी ९:३१

माझ्याकडे तुमच्या साइजचा रनफ्लॅट कधीच शिल्लक नसतो. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून असले माप मागवायला पंधरा दिवस, कधी महिना. मशरूम (आतून बसवायचं देठवालं ठिगळ) मारून पाठवण्यात माझा सौदा जास्त चांगला आहे. तरी नाही म्हणतो.

---

रबरीमामा | १० जून, दुपारी १:४८

मी टायरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढली, आता निवृत्त. धाग्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते सोडवून बघू.

साधा टायर गाडी उचलत नाही, आतली हवा उचलते. एका चाकावर ४०० किलो भार धरा आणि हवा २.३ बार. रस्त्याला टेकणारा भाग भरतो १७० चौरस सेंटीमीटर, तळहाताएवढा. टायर म्हणजे त्या हवेची पिशवी. हवा गेली की पिशवी मिटते आणि रिम रबराला चिरडते. दोनशे मीटर चाललात तरी बाजू कापली जाते आणि ते डोळ्यांना दिसतं. म्हणून साध्या टायरच्या बाबतीत कुणी वाद घालत नाही.

रनफ्लॅटमध्ये दोन्ही बाजूंच्या भिंतीत आतून चंद्रकोरीच्या आकाराचं जाड रबर बसवलेलं असतं. हवा गेली की ४०० किलो त्या दोन चंद्रकोरींवर येतात. आता तुमच्या गाडीचं चाक एका फेऱ्यात दोन मीटर जातं. २० किलोमीटर म्हणजे १० हजार फेरे. प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा प्रत्येक भाग एकदा दबतो आणि एकदा सुटतो. जाड लोखंडी तार हातात घेऊन दहा वेळा वाकवा, बोट पोळतं. इथे दहा हजार वेळा. हवा असताना भिंत जेमतेम हलते, हवा नसताना पुरती मुडपते. उष्णता तिथे तयार होते, आणि रबर उष्णता सोडायला महाकंजूष.

रबर कारखान्यात गंधकाबरोबर एकदा शिजवलेलं असतं. ते नको तितकं पुन्हा तापलं की गंधकाने बांधलेल्या गाठी सुटायला लागतात. रबर मऊ पडतं, थर एकमेकांपासून सुटतात. म्हणून असल्या टायरच्या सांगाड्यात बरेचदा रेयॉनचे धागे घालतात, पॉलिएस्टरपेक्षा ते उष्णतेत तग धरतात. पण तग धरतात याचा अर्थ झीज होत नाही असा नव्हे. ८० च्या वेगाने ८० किलोमीटर ही जी हमी आहे ती टायर तुम्हाला दुकानापर्यंत नेईल याची आहे. पोचल्यावर तो पूर्ववत असेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तर पहिला प्रश्न: भोक बुजतं का? बुजतं. नक्षीच्या भागातलं ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक साध्या टायरमध्ये जसं बुजतं तसंच याच्यातही. तिथल्या रबरात आणि पोलादी पट्ट्यात काही जगावेगळं नाही. दुसरा प्रश्न: भिंत शाबूत आहे का? याचं उत्तर भोकात नाही. आणि गंमत अशी की जाड भिंत जे काम करते, त्यामुळेच ती आपलं दुखणं लपवते. साधा टायर बसलेला दिसतो, हा उभाच दिसतो.

घाटपायथा, तुमचा आकडा १.६ वरून ०.४ वर आला. म्हणजे पहिले काही किलोमीटर भिंतीवर फार भार नव्हता, शेवटचे बरेच होता. नेमके किती, ते कुणीही घरबसल्या सांगू शकत नाही. मीही नाही. उतरवून बघा.

---

बैलगाडीप्रेमी | १० जून, दुपारी २:१५

आमच्या आजोबांच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव असायची. लोहार ती लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा, की आवळून बसायची. कधी पंक्चर नाही, दिवा नाही, सल्लागार नाही. खरं रनफ्लॅट ते. मराठीत नावही तयार आहे, इंग्रजीतल्या 'रन'ला धाव म्हणतात आणि चाकाला चढवतात तीही धावच.

---

मालविका | १० जून, दुपारी ४:३०

हाहा, धाव आवडली.

मामा, सुंदर लिहिलंय. पण माझी बाजू थोडी वेगळी. माझं काम नागपूर आणि संभाजीनगर अशा दोन्हीकडे असतं, समृद्धीवरून एकटीच गाडी चालवते, पुष्कळदा रात्री. मधल्या कित्येक पट्ट्यांत लांबलांब दुकान नाही की माणूस नाही. तिथे टायर बसला तर खाली उतरून जॅक लावायची माझी तयारी नाही, आणि जॅक येत नाही म्हणून नव्हे. म्हणून मी रनफ्लॅट ठेवलेत, खड्ड्यांत दणके बसतात, रिम एकदा वाकली, तरीही.

त्यामुळे माझा प्रश्न: पंक्चर काढल्यावर तो टायर पुढच्या वेळी पुन्हा हवेशिवाय धावेल का? नसेल धावणार तर मी जादा पैसे मोजून साधाच टायर वापरतेय, फक्त कडक.

---

रबरीमामा | १० जून, संध्याकाळी ६:१०

मालविकाताई, नेमकं विचारलंत. नक्षीतल्या ठिगळावर हवेविना चालताना भार येत नाही, तो भिंतीवर येतो. म्हणजे भिंत निरोगी असेल आणि ठिगळ आतून नीट बसलं असेल, तर तत्त्वतः धावेल. पण पहिल्या वेळी ती थोडी जरी शिजलेली असेल, तर दुसऱ्या वेळी ८० किलोमीटर विसरा. काही कंपन्या अटी घालून एकदा दुरुस्ती मान्य करतात, काही सरळ नको म्हणतात. टायर ज्या कंपनीचा आहे तिचं काय म्हणणं आहे ते बघायचं, गाडीवाल्याचं नंतर. आणि दुरुस्ती झाल्यावर टायरवरचं वेगाचं अक्षर (कमाल वेग सांगणारं) पूर्वीइतकं भरवशाचं धरू नये, असंही अनेक ठिकाणी सांगतात. समृद्धीवर १२० ची मुभा आहे. तुमच्या जागी मी असतो तर एकदा हवेविना चाललेला टायर ठेवला नसता. हे माझं वैयक्तिक मत.

---

थेम्सकाठी | १० जून, रात्री ११:५५ (भारतातली)

इंग्लंडातून लिहितेय. इकडे टायरदुरुस्तीला बीएस एयू १५९ नावाचं ब्रिटिश मानक आहे. नक्षीच्या रुंदीचा मधला तीन चतुर्थांश भाग, तिथलंच भोक, तेही ६ मिलिमीटरपर्यंत. त्याच्या बाहेर खिळा असेल तर साधी कारागिरी चालत नाही. टायर रिमवरून उतरवून आतून तपासायचा हे धरलेलंच आहे. अमेरिकेतही टायर उत्पादकांची संघटना तेच सांगते: उतरवा, आतून बघा, देठ आणि ठिगळ दोन्ही बसवा, नुसती बाहेरून स्ट्रिप ही दुरुस्ती नव्हेच.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. मागच्या नोव्हेंबरात माझ्या गाडीच्या रनफ्लॅटमध्ये खिळा. दिवा लागताच मी पुढच्या पेट्रोल पंपावर थांबले, हवा १.९ होती. मैलभरसुद्धा चालवली नाही. तरी पहिल्या दोन दुकानांनी हात लावायला नकार दिला, "आम्ही रनफ्लॅट करत नाही" इतकंच. तिसऱ्याने उतरवला, टॉर्च मारून बघितलं, म्हणाला आत काही नाही, आणि मशरूम बसवून २५ पौंड घेतले. पहिल्या दोघांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी खरं सांगतेय हे त्यांना कशावरून कळणार?

अवांतर: नवरा अजूनही म्हणतो, तिघांना विचारलंस म्हणून तुला हवं ते उत्तर मिळालं.

---

खर्च_वाचवा | ११ जून, सकाळी ८:१५

थेम्सकाठी, म्हणजे तुम्ही माझ्या बाजूच्या!

मशरूम आणि स्ट्रिपमध्ये एवढा फरक काय पण? भोक बुजण्याशी मतलब.

---

नगरी टायरवाला | ११ जून, सकाळी ८:५०

सांगतो. टायरला आतून एक पातळ रबरी अस्तर असतं, हवा ते धरतं. स्ट्रिप मधल्या भोकात चेपून बसते, अस्तर फाटलेलंच राहतं. वरून पावसाचं पाणी झिरपत आत गेलं की पोलादी पट्ट्यांना गंज. गंजलेला पट्टा रबर सोडतो, मग नक्षीवर फुगवटा येतो. हे काही महिन्याभरात होत नाही, म्हणून लोकांना पटत नाही. त्यात कानस फिरवणारा जोर लावतो तेव्हा पट्ट्याच्या तारा तुटतात त्या वेगळ्याच.

मशरूमला देठ असतो आणि टोपी असते. आतून बसवतात. भोक गोल ड्रिल करायचं, आतलं अस्तर घासून खरबरीत करायचं, सोल्यूशन लावून वाळू द्यायचं, देठ खालून बाहेर ओढायचा, टोपी अस्तरावर रोलरने दाबायची. देठ पाणी अडवतो, टोपी हवा अडवते. खिळा फार तिरका घुसला असेल, २५ अंशांच्या वर, तर एका तुकड्यात जमत नाही, देठ वेगळा आणि ठिगळ वेगळं लावावं लागतं. पाऊण तास जातो. घाई करणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि उतरवताना व्हॉल्व्हच्या मुळाशी सेन्सर असतो तो आधी सांगा. न सांगितल्यामुळे दुकानात भांडणं झालेली बघितलीत.

---

पॉलिसीपंडित | ११ जून, दुपारी १२:४०

पैशाच्या बाजूने चार ओळी, कारण पन्नास हजार ऐकून सगळ्यांच्या पोटात गोळा आलाय.

नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. अपघातात गाडीलाही इजा झाली असेल तर टायरचे निम्मेच मिळतात. त्यासाठी टायरचं वेगळं अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं, आणि त्यातही साधं पंक्चर काढण्याचा खर्च बहुधा वगळलेला असतो. बारीक अक्षरं वाचा.

दुसरं, स्टेपनी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली बदल झाला: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट गाडीत असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. आता यातला विनोद बघा. नियम म्हणतो किट ठेवा, स्वतः पंक्चर काढा. शोरूम म्हणते पंक्चर काढलेला टायर चालणार नाही. दोन्ही एकाच गाडीला लागू.

---

घाटपायथा | ११ जून, दुपारी १:०५

पंडित, दुपारचं जेवण गोड केलंत. माझ्या गाडीत तर ते किटही नाही. पहिल्या मालकाने काढून ठेवलं असणार.

सगळ्यांचे आभार. शनिवारी उतरवून बघतो. तोवर गाडी घरीच. बायकोने धागा वाचलाय.

---

नुसता वाचक | ११ जून, दुपारी १:३०

शेवटचं वाक्य महत्त्वाचं.

---

मालविका | १२ जून, सकाळी १०:१०

एक भर. सगळ्याच गाड्यांत आकडे दिसत नाहीत. माझ्या आधीच्या गाडीत चाकात सेन्सरच नव्हता. एबीएसवरून (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) चारही चाकांच्या फिरण्यातला फरक मोजून ती नुसती 'हवा बघा' म्हणायची. ०.४ की १.८, काही कळायचं नाही. आणि हवा भरल्यावर मेनूत जाऊन रीसेट नाही केलं तर तिचा हिशेबच चुकतो. असल्या गाडीत रनफ्लॅट असेल तर दिवा लागल्याची वेळ आणि किलोमीटर फोनमध्ये टिपून ठेवा. नंतर दुकानात "इथूनच आलो" म्हणायची वेळ येणार नाही.

---

घाटपायथा | १४ जून, रात्री ९:२०

अपडेट.

काल पुण्यात एका मोठ्या टायरवाल्याकडे नेली, मशीन बघूनच गेलो. मी शेजारी उभा राहिलो. टायर उतरवताना त्याचा हेल्पर नुसत्या घामाने निथळला, ही भिंत किती कडक आहे ते तेव्हा कळलं. मशीनचा हात कडेवर दाबला की ती खाली जायची आणि पुन्हा सापासारखी वर यायची.

आत टॉर्च मारला. आधी मला काहीच दिसेना, सगळं काळंच. मग त्याने माझं बोट धरून आतल्या भिंतीवर फिरवलं. एका बाजूला, खांद्याच्या खाली, पूर्ण गोलाईभर बारीक सुरकुत्या, हातावरची कातडी ओल्यात राहून आक्रसते ना तशा. बोट काळं झालं. तळाशी चमचाभर भुकटी. दुसरी बाजू बरीच बरी होती. बाहेरून या सुरकुत्यांच्या जागी एक रेघसुद्धा नाही. मी दोन-तीनदा बाहेरून-आतून बघितलं, खात्री पटेना.

स्ट्रिप मात्र ठणठणीत होती! भोक अगदी मधोमध, स्क्रू सरळ घुसलेला. तो म्हणाला, "भोकासाठी टायर फेकावा लागला असता तर मीच मशरूम मारून दिला असता. हा बाजूमुळे गेला." आणि याच टायरवर मी आईला घेऊन ३०० किलोमीटर आलो, त्यातले काही शंभराच्या वेगाने. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दोन गोष्टी आणखी. शेजारच्या, पंक्चर न झालेल्या टायरवरचा, तो कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड बघितला तर आठवडा ११, वर्ष १८. तोही जुनाच. म्हणजे 'एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टाका' यात तथ्य होतं, पण त्याचं हे कारण सल्लागाराने सांगितलं असतं तर मी इतका भडकलो नसतो. दुसरं, साधे टायर टाकून किट आणि छोटी स्टेपनी ठेवू का असाही विचार केला. डिक्कीत खोबणीच नाही, स्टेपनी सामानाच्या जागेत बसेल. पुढे रनफ्लॅट आणि मागे साधे अशी सरमिसळ करू नका असं तिघांनी सांगितलं. शेवटी दोन रनफ्लॅटच मागवले. यायला बारा दिवस.

---

रबरीमामा | १४ जून, रात्री ९:५८

सुरकुत्यांचं वर्णन अचूक. एका बाजूला जास्त आहे कारण मागच्या चाकाला थोडा आतला कल असतो, आतली भिंत जास्त भार घेते. फोटो असेल तर टाका, मी हे लोकांना तोंडी सांगून थकलो आहे.

तो टायर दुकानात सोडून आलात की घरी आणलात? सोडला असेल तर बाजू सुरीने कापून सोडायला हवा होता. नाहीतर सेकंडहँडमध्ये कुणाच्या तरी गाडीला चढतो.

---

घाटपायथा | १४ जून, रात्री १०:०६

घरी आणलाय. फोटो उद्या उजेडात काढतो. आईने त्यात अळू लावायचं ठरवलंय, तिला भोक वगैरे चालतं.

---

खर्च_वाचवा | १७ जून, संध्याकाळी ७:४०

गेले तीन दिवस माझी झोप उडवलीत तुम्ही लोकांनी.

आज सुट्टी टाकून माझा उतरवून घेतला. आतून लख्ख. ना सुरकुती, ना भुकटी. आठवून बघितलं तर तेव्हा खिळा घराशेजारच्या चौकात लागला होता, दुकान रस्त्यापलीकडे, हवा फारशी गेलीच नव्हती. हे मी दीड वर्षात एकदाही विचारात घेतलं नव्हतं, कबूल. टायरच्या कंपनीची माहिती काढली, ती अटी घालून एकदा दुरुस्ती मान्य करते. स्ट्रिप ओढून काढली तेव्हा भोकाच्या तोंडाशी पट्ट्याच्या तारेला तांबूस गंज दिसत होता, नगरी साहेबांना कळवावं म्हणून लिहितोय. दुकानदाराने ६ मिलिमीटरचं ड्रिल मारलं, गंज तेवढ्यात निघून गेला म्हणून मशरूम बसवला. नसता निघाला तर देणार नाही म्हणाला होता. साडेपाचशे रुपये.

पण उतरवताना सेन्सर मोडला. मी आधी सांगितलं नव्हतं. नवा चार हजारांचा.

---

नगरी टायरवाला | १७ जून, रात्री ८:१२

अकरा तारखेला सकाळी ८:५० ला लिहिलं होतं साहेब, शेवटच्या ओळीत.

---

खर्च_वाचवा | १७ जून, रात्री ८:१५

वाचलं होतं. भांडण मीच केलं.